उंसाच्या कांठचें घर आणि बिबट्या

कृषिबंधूंच्या या मासिकांत बीं-बियाणें, खतें, पाटपाणी व बाजारभाव यांविषयीं जाणत्या मंडळींचे लेख नेहमीं येत असतात. प्रस्तुत लेखक अशा जाणत्यांपैकीं नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला आणि वडिलोपार्जित दोन एकर जमीन वांट्यानें लावणारा मी एक सामान्य गृहस्थ आहें. तथापि सन २०२४ च्या अखेरीपासून आमच्या दारापुढें जो प्रकार घडला, त्यानें माझ्या मनांतील कांहीं पक्क्या समजुती मोडल्या. ज्यांच्या शेतांत ऊंस उभा आहे अशा प्रत्येक वाचकाशीं त्या प्रकाराचा संबंध आहे, म्हणून तो येथें सांगण्याचें धाडस करीत आहें.

आमचें घर पुणें जिल्ह्यांतील जुन्नर तालुक्यांत, एका बाजारपेठेच्या गांवाच्या शिवेवर आहे. पंधरा वर्षांपूर्वीं जेथें द्राक्षांचा मळा होता तेथें आज बिनशेती प्लॉट पडले आहेत. त्या बिनशेतीच्या कागदांना माझ्याही हातची शाई लागलेली आहे, हें प्रथमच कबूल करतों. पूर्वेस डांबरी रस्ता, दुकानें, शाळा व दवाखाना. पश्चिमेस कुंपणाची पांच फूट उंचीची भिंत, आणि भिंतीला लागूनच पलीकडे उभा ऊंस. हवा चांगली व शहराची सोय जवळ, म्हणून आम्हीं ही जागा पसंत केली. त्या उंसांत आमच्या आधींपासून कोण राहतें, हें मात्र सात-बाराच्या उताऱ्यावर लिहिलेलें नसतें.

सन २०२४ च्या मार्गशीर्षांतील गोष्ट. रात्रीं साडेनऊचा सुमार होता. जेवण उरकून मी फाटकास कुलूप लावण्याकरितां बाहेर पडलों. आमचा मोत्या कुत्रा एरवीं फाटकापर्यंत सोबत येई. त्या रात्रीं तो पायरीखालीं अंग चोरून बसला व हांक मारली तरी हलेना. त्याचा अर्थ मला तत्काळ कळावयास हवा होता, पण कळला नाहीं. कुलूप लावून वळलों, तों पश्चिमेच्या भिंतीवर, माझ्यापासून जेमतेम दहा हातांवर, बिबट्या बसलेला! शेपूट भिंतीखालीं सोडलेली, मान किंचित् पुढें आणि डोळे माझ्यावर. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड त्याच्या पाठीवर पडला होता. माझे पाय जागींच खिळले. ओरडावें हें सुचलें नाहीं, पळावें हेंही सुचलें नाहीं. आणि पळालों नाहीं म्हणूनच वांचलों, असें आतां कळतें. इतक्यांत घरांतून, "अहो, कुलूप लावायला एवढा वेळ? आंत या ना!" असा कुटुंबाचा आवाज आला. जनावरानें त्या बाजूस एकदां पाहिलें व मुकाट्यानें पलीकडे उडी टाकली. उंसाचीं पानें थोडीं हललीं, मग तींही स्थिर झालीं.

चौथ्या रात्रीं मोत्या गेला. सकाळीं पायरीशीं सांखळी व तुटलेला पट्टा एवढेंच राहिलें होतें.

वस्तींत एकच खळबळ उडाली. मारुतीच्या देवळांत बैठक भरली. मला सर्व लोक भाऊसाहेब म्हणतात, त्यामुळें अर्ज लिहिण्याचें काम आपोआपच माझ्याकडे आलें. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज वाचले. हा मात्र मीं मन लावून लिहिला. "सदरहू हिंस्र श्वापदास तात्काळ जेरबंद करून दूरच्या अरण्यांत सोडून द्यावें," अशी विनंती करून खालीं त्रेचाळीस सह्या घेतल्या. पिंजरा आला, आंतल्या कप्प्यांत बकरूं बांधलें गेलें व आठव्या रात्रीं एक पूर्ण वाढीचा नर अडकला. सकाळीं त्यास पाहण्यास ही गर्दी लोटली. पोरांनीं पिंजऱ्यावर काठ्या आपटल्या, मोठ्यांनीं मोबाईलवर छायाचित्रें काढलीं. गजांवर धडका देऊन जनावराचें तोंड रक्तानें माखलें होतें. मला तें पाहवलें नाहीं, पण मनांतून समाधानच वाटत होतें, हेंही लपवीत नाहीं. पिंजरा गाडींत चढला आणि आम्हीं पेढे वांटले.

त्यानंतर एकविसाव्या दिवशीं त्याच भिंतीवर दुसरा बिबट्या बसलेला दिसला.

याच सुमारास पलीकडच्या उंसास तोड आली. बीडकडील आठ कोयत्यांची टोळी होती. आमच्या वस्तींत एक मोठा मोकळा प्लॉट आहे. पण तेथें मजूर राहिल्यास घाण होईल, असें म्हणून आम्हींच त्यास हरकत घेतली होती. तेव्हां टोळीनें आपल्या खोपी बांधावर, उभ्या उंसापासून पांच-सहा पावलांवर घातल्या. एके दिवशीं दिवेलागणीच्या वेळीं टोळींतील एक बाई चूल पेटवीत होती व तिची तीन वर्षांची मुलगी खोपीमागें उंसाच्या कडेस बसली होती. हंडा घेऊन येणाऱ्या दुसऱ्या बाईस उंसांतून बाहेर आलेलें डोकें दिसलें. तिनें हंडा तसाच फेंकला व किंकाळी फोडली. थाळ्या वाजल्या, गडी कोयते घेऊन धांवले, आणि जनावर मागल्या पावलीं आंत गेलें. मुलगी बचावली.

आरडाओरड ऐकून मी विजेरी घेऊन तेथें गेलों. मुलीला उराशीं धरून आई थरथरत होती. मीं तिला धीर देण्यासाठीं म्हटलें, "बाई, घाबरूं नका. पिंजऱ्यासाठीं आम्हीं पुन्हां अर्ज करतों."

तिनें माझ्याकडे पाहिलें व म्हणाली, "भाऊसाहेब, तुमच्या घराला भिंत हाय, दाराला कडी हाय. आमच्या खोपीला निस्तं पाचट हाय. तुमचा अर्ज पोचस्तवर आमी लेकरू कुठं ठेवावं?"

मजजवळ उत्तर नव्हतें. घरीं येऊन मीं अर्जाची स्थळप्रत काढून पाहिली. त्रेचाळीस सह्यांत डॉक्टर होते, दुकानदार होते, शिक्षक होते, बागाईतदार होते. ज्यांच्यावर खरी पाळी येणार होती त्यांपैकीं एकाचेंही नांव तींत नव्हतें.

ऊंस हेंच त्याचें रान

त्यानंतर मीं या विषयावरील अहवाल मिळवून वाचले. पहिली गोष्ट कळली ती ही कीं, "जंगल तुटलें म्हणून बिचारा वाट चुकून गांवांत आला," असें जें आपण नेहमीं म्हणतों तें आमच्या भागापुरतें तरी पुरतें खरें नाहीं. कुकडी प्रकल्पाचीं येडगांव, माणिकडोह, वडज, डिंभें व पिंपळगांव जोगें हीं धरणें झालीं, पाटाचें पाणी आलें आणि बाजरीच्या कोरडवाहू रानांत ऊंस उभा राहिला. वर्ष-दीड वर्ष उभें राहणारें, दाट, गारव्याचें आणि माणूस आंत क्वचितच शिरतो असें हें पीक. पाणी पाटांत आहे, भक्ष्य वस्तीवर आहे. मादी तेथेंच विते, दोन-तीन पिल्लें तेथेंच वाढतात, व मोठीं झाल्यावर ऊंस हेंच त्यांचें रान होतें. तो आपल्याकडे पाहुणा आलेला नाहीं, शेजारीच राहतो.

शेजारच्या अहिल्यानगर (पूर्वींचा अहमदनगर) जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनीं आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे लावून बिबट्यांची मोजदाद केली. सन २०१३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत दर १०० चौरस किलोमीटरांत सुमारें ५ प्रौढ बिबटे व तितकेच तरस आढळले. हा मुलूख अभयारण्य नव्हे. चौरस किलोमीटरास ३०० हून अधिक माणसें राहतात असा शेतीचा मुलूख आहे. त्याच भागांत बिबट्यांची विष्ठा तपासून केलेला अभ्यास २०१४ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत त्यांच्या खाण्याच्या वजनापैकीं ८७ टक्के वांटा पाळीव व गांवांतील जनावरांचा निघाला, आणि त्यांतही एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के! शेळ्या संख्येनें कितीतरी अधिक असून त्यांचा वांटा ११ टक्केच होता, कारण शेळी रात्रीं कोंडलेली असते व कुत्रें उघड्यावर हिंडतें.

हा आंकडा वाचला तेव्हां आमच्या वस्तीचें कोडें मला उलगडलें. रस्त्याच्या वळणावर कोंबडीच्या मांसाचीं दोन दुकानें आहेत व एक खानावळ. त्यांचा टाकाऊ माल ओढ्यांत पडे. त्यावर वीस-पंचवीस मोकाट कुत्रीं पोसलीं जात. आणि त्या कुत्र्यांवर बिबट्या. त्याला भिंतीपर्यंत आणणारी वाट आम्हींच तयार केली होती.

धरून दूर नेण्याचा परिणाम

आतां माझ्या अर्जांतील "दूरच्या अरण्यांत सोडून द्यावें" या वाक्याकडे वळतों. हा प्रयोग आमच्याच भागांत पूर्वीं होऊन गेलेला आहे. सन २००१ पासून जुन्नर भागांत अनेक बिबटे धरून अन्यत्र सोडण्यांत आले. त्या कार्यक्रमाचा अभ्यास २०११ मध्यें प्रसिद्ध झाला. पूर्वीं माणसांवर वर्षास सरासरी ४ हल्ले होत. तो कार्यक्रम चालू असतांना २००१ ते २००३ या काळांत ते वर्षास सरासरी १७ झाले. जेथें जनावरें सोडलीं त्या बाजूसही हल्ले वाढले. कारण समजण्यास कठीण नाहीं. अनोळखी मुलखांत सोडलेलें, पिंजऱ्यांत जखमी व भयभीत झालेलें जनावर आपल्या ठिकाणाकडे परत निघतें व वाटेंत माणसांच्या वस्त्यांतून जातें. इकडे रिकाम्या झालेल्या जागेवर दुसरा बिबट्या येऊन हक्क सांगतो. आमच्या भिंतीवर एकविसाव्या दिवशीं आला तो असाच वारस.

दूर सोडलेलें जनावर किती चालतें याचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. सन २००९ मध्यें पारनेर तालुक्यांतील टाकळी ढोकेश्वर येथें विहिरींत पडलेल्या एका नरास बाहेर काढून, गळ्यांत यंत्राचा पट्टा बांधून माळशेज घाटांत सोडलें. तेथून तो सुमारें १२० किलोमीटर चालत मुंबईलगतच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोंचला. वाटेंत त्यानें कोणा माणसास इजा केल्याची नोंद नाहीं. संशोधकांनीं त्यास "आजोबा" असें नांव दिलें होतें. सन २०११ मध्यें मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेनें तो मेला.

मुंबईच्या उपनगरांनाही हाच धडा मिळाला आहे. त्या उद्यानाच्या सभोंवार दाट वस्ती असून सन २००४ मध्यें तेथें बिबट्यांनीं अनेक माणसांचे बळी घेतले. पुढें २०११ पासून उद्यान व नागरिक यांनीं मिळून कचरा, मोकाट कुत्रीं, उजेड व मुलांची काळजी या गोष्टींवर लोकशिक्षण चालविलें. तरीही ऑक्टोबर २०२२ मध्यें आरे वसाहतींत एका चिमुकलीचा बळी गेला. यावरून सावधगिरी एकदांची घेऊन संपत नाहीं, हें दिसतें.

माझ्या लिहिण्याचा अर्थ बिबट्याची भीति बाळगूं नये असा कोणीं घेऊं नये. सन २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत शिरूर तालुक्यांतील पिंपरखेड व जांबूत परिसरांत तीन जणांचे बळी गेले. त्यांत दोन मुलें होतीं. लोक रस्त्यावर उतरले व अखेरीस एका बिबट्यास गोळी घालावी लागली. ज्या घरचें लेंकरूं गेलें त्या घरास आंकडे ऐकविणें हा निर्दयपणा होय. सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें बिबट्यास पूर्ण संरक्षण आहे; परंतु माणसाच्या जिवास धोका झालेलें जनावर धरतां अथवा बेशुद्ध करतां येत नसेल, तर त्यास मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक त्याच कायद्यान्वयें देऊं शकतात. ज्यानें माणसावर हात टाकला त्याचा बंदोबस्त झालाच पाहिजे. पण केवळ दिसला म्हणून धरा, ही मागणी आपल्याच मुलांच्या अंगावर येते.

आपल्या हातचे उपाय

अनुभवानें व वाचनानें जे उपाय पटले ते क्रमानें देतों.

(१) मांसाचा व खरकट्याचा कचरा उघड्यावर टाकूं देऊं नये. मोकाट कुत्रीं कमी झालीं कीं बिबट्याच्या फेऱ्या कमी होतात. राखणीचें कुत्रें रात्रीं आंत घ्यावें. सांखळीनें बाहेर बांधणें म्हणजे त्यास ताटांत वाढणेंच होय.

(२) गोठ्यास चहूं बाजूंनीं व वरूनही मजबूत जाळी आणि कडीचें दार असावें. नुसती भिंत उपयोगाची नाहीं. पांच फूट तो सहज चढतो, हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

(३) दिवेलागण ते उजाडेपर्यंत लहान मुलास एकटें बाहेर सोडूं नये. शौचास उंसाच्या कडेला बसूं नये. वांकलेला अथवा बसलेला माणूस जनावराला लहान भक्ष्यासारखा दिसतो.

(४) रात्रीं दारें धरण्यास जातांना दोघांनीं जावें. हातांत विजेरी व काठी असावी, मोठ्यानें बोलत जावें. शेतीस दिवसा वीज मिळावी ही मागणी आपण पाणी देण्याच्या सोयीसाठीं करतों. ती जीव वांचविण्याचीही मागणी आहे. सौर कृषि वाहिनीची सरकारी योजना २०१७ पासून आहे. आपल्या गांवची वाहिनी तींत आली कीं नाहीं याचा पाठपुरावा सोसायटीनें करावा.

(५) समोर गांठ पडलीच तर पळूं नये, वांकूं नये, पाठ दाखवूं नये. हात वर करून, मोठ्यानें बोलत, तोंड त्याच्याकडे ठेवून सावकाश मागें सरावें व त्यास जाण्यास वाट द्यावी. गर्दीनें घेरलेला बिबट्या हाच सर्वांत घातक असतो.

(६) ऊंसतोड एका बाजूनें करीत जावी. चोहोंकडून करूं नये. आंतल्या जनावरास निसटण्यास एक बाजू मोकळी राहिली पाहिजे. पिल्लें दिसलीं तर हात न लावतां दूर व्हावें व वनखात्यास कळवावें. जाणते लोक तपासणी करून तीं त्याच जागीं पेटींत ठेवतात व बहुधा रात्रीं आई येऊन घेऊन जाते. पिल्लें हरवलेली मादी मात्र चवताळून परिसरांत हिंडते.

(७) जनावर मारलें गेल्यास तें जागचें हलवूं नये. वनखात्यास लगेच कळवून पंचनामा करून घ्यावा. पशुवैद्याच्या दाखल्यावांचून व पंचनाम्यावांचून भरपाईचें प्रकरण उभें राहत नाहीं. वनखात्याचा दूरध्वनि १९२६ हा आहे. तो घरांतल्या लहानथोरांस पाठ असावा.

आठवा उपाय मीं मुद्दाम शेवटीं ठेवला आहे. ऊंसतोड मजुरांच्या खोपी व धनगरांचे वाडे हे उंसाच्या कडेला बसवूं नयेत. उघड्यावर निजणारीं लेंकरें त्यांचीं असतात आणि ऊंस आपला असतो. गाळपाचा पैसा आपल्या नांवावर जमा होतो. मग त्यांच्या रात्रीची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न आपण कारखान्याकडे, वनखात्याकडे अथवा मुकादमाकडे ढकलूं शकतों. पण खोपी कोठें घालावयाची ही जागा आपणच दाखवितों.

सन २०२५ च्या हंगामापूर्वीं मीं दुसरा अर्ज लिहिला. हा कोणत्याही कचेरीस नव्हता. आमच्या शिवारांतील अकरा बागाईतदारांस व वस्तींतील घरमालकांस होता. मागणी एवढीच होती कीं, मोकळा प्लॉट तोडीच्या हंगामापुरता टोळीस द्यावा, सभोंवार जाळी लावावी, दोन दिवे व तात्पुरतीं शौचालयें उभारावीं आणि खर्च उंसाच्या एकराप्रमाणें वांटून घ्यावा. "भाऊसाहेब, हें काम कारखान्याचें आहे," असें पांच जण म्हणाले व त्यांनीं पैसे दिले नाहींत. सहा जणांनीं दिले. मांसाच्या दुकानदारांनीं कचऱ्यासाठीं खड्डा केला, तोही तीन वेळां जाऊन बसल्यावर.

या हंगामांत तीच टोळी पुन्हां आली. खोपी प्लॉटवर आहेत. ती मुलगी आतां चार वर्षांची झाली असून संध्याकाळीं जाळीच्या आंत इतर पोरांबरोबर खेळते. बिबट्या गेलेला नाहीं. ओढ्याच्या ओल्या मातींत त्याचे ठसे मधून मधून दिसतात. भिंतीवर मात्र तो गेल्या पांच महिन्यांत कोणास दिसलेला नाहीं. पुढें दिसणार नाहीं असें मी म्हणत नाहीं.

वाचकांपैकीं ज्यांच्या शेतांत यंदां तोड यावयाची आहे त्यांनीं हा अंक बाजूस ठेवण्यापूर्वीं एक काम करावें. टोळीची खोपी कोठें आहे, तेथून ऊंस किती पावलांवर आहे व तेथें दिवा आहे कीं नाहीं, हें दिवस मावळल्यावर स्वतः जाऊन पाहून यावें. जातांना विजेरी व सोबतीस कोणी अवश्य न्यावा.